मरणवार्तेकडून मरणस्मृतीकडे

आपल्या चळवळीच्या इतिहासात कागलचे नाव दोन कारणांनी येते. कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती शाहू झाले; आणि २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. हे माणगाव आज हातकणंगले तालुक्यात आहे. या दोन्ही घटनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही याच भूमीकडे एका निराळ्या प्रश्नाने पाहत आहोत. येथे राबलेल्या आपल्या पूर्वजांचे मरणाशी कोणते नाते होते, आणि धम्मदीक्षेने ते किती पालटले?

वतनातील मरण

गावगाड्यात मरण हे महाराच्या कामाचा भाग होते. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना मरणाचा सांगावा पोहोचविणे, चितेसाठी लाकूडफाटा वाहणे, मेलेले जनावर ओढून नेणे ही कामे वतनाने त्याच्या माथी मारलेली होती. रात्र असो वा पाऊस असो, निघणे भागच असे. सांगाव्याचे गाव गाठल्यावरही त्याने अंगणाबाहेरूनच बातमी सांगावयाची. मोबदल्यात प्रेतावरचे वस्त्र आणि मेल्या जनावराचे मांस. ज्या माणसाने शेकडो घरांची मरणवार्ता वाहिली, त्याच्या स्वतःच्या मरणाशी बसून चार शब्द वाचून दाखवावेत, अशी सोय मात्र त्या व्यवस्थेत कोठेच नव्हती. वाचण्याचा अधिकारच नव्हता, तर ग्रंथ कोठून असणार?

हे नाते तोडण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील महार वतन मोडून त्या जमिनी रयतावा केल्या. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. १९२८ मध्ये त्यांनी वतनासंबंधीचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. हलकी गणलेली गावकीची वतने कायद्याने संपण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत नागपूरची दीक्षा होऊन गेली होती.

दीक्षेनंतरचे मरण

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतलेल्या प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मृताच्या नावाने चालणारी पुरोहिताची सत्ता तिने एका वाक्यात नाकारली. त्यानंतर ५३ दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या अखेरच्या दिवसांत ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले, २० नोव्हेंबर रोजी तेथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स या विषयावर भाषण केले, आणि परतताना सारनाथ व कुशीनारा येथे जाऊन आले. जेथे तथागतांचे महापरिनिर्वाण झाले ती भूमी त्यांनी स्वतःच्या अंताच्या थोडेच दिवस आधी पाहिली. ५ डिसेंबरच्या रात्रीही त्यांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत मागवून घेतली होती. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर भदन्त आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायास दीक्षा दिली. अशा रीतीने नवदीक्षितांची पहिली मोठी अंत्ययात्रा हीच एक धम्मदीक्षा ठरली.

त्या दिवसापासून आपला अंत्यविधी बदलला. त्रिशरण, पंचशील, परित्राणपाठ, जलदान आणि पुण्यानुमोदन ही आज आपल्या वस्त्यांतील सर्वपरिचित पद्धती आहे. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हे सारे मरणानंतरचे आहे, हे आम्हांस नम्रपणे नमूद करावेसे वाटते. मरणापूर्वी आपल्या घरांत काय होते? दुखणे असाध्य आहे हे घरातल्या प्रत्येकास ठाऊक असते. ज्याचे दुखणे, त्यालाच ते सांगितले जात नाही. ‘काही होत नाही, बरे वाटेल’ एवढेच बोलले जाते. भन्तेजींना निरोप जातो तो प्राण गेल्यावर. म्हणजे सांगावा नेणारा माणूस वतनातून मुक्त झाला, तरी सांगाव्याची वेळ जुनीच राहिली.

पाली साहित्यातील साक्ष

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात याच्या नेमके उलट घडते. तथागत शालवनात पहुडले असताना आनंदास कुशीनारेस पाठवितात. मल्ल आपल्या संथागारात जमलेले असतात. आनंद त्यांना सांगतो की, आज रात्रीच्या अखेरच्या प्रहरी तथागतांचे परिनिर्वाण होईल. आपल्या गावी हे घडले आणि आपण भेटलो नाही, अशी खंत पुढे राहू नये. मल्ल बायकामुलांसह येतात आणि एकेका कुटुंबाची भेट होते. येथे मरणवार्ता मरणापूर्वी पोहोचली, आणि ती पाठविणारे स्वतः तथागतच होते. इतकेच नव्हे, तर आपल्या भोजनामुळे हे झाले असा दोष चुन्द लोहाराने स्वतःस लावून घेऊ नये, याचीही तजवीज ते आधीच करून ठेवतात.

उपासकांसाठी याहून जवळचा आधार संयुत्तनिकायातील गिलान सुत्तात आहे. वर्षावास संपत आला होता, भिक्षू चीवरे शिवीत होते, तथागत चारिकेस निघणार होते. अशा वेळी शाक्य महानाम विचारतो की, एका सुज्ञ उपासकाने आजारी पडलेल्या दुसऱ्या सुज्ञ उपासकास धीर कसा द्यावा? प्रश्नाची वेळ लक्षात घ्यावी. भिक्षू निघून गेल्यावर गृहस्थांनी एकमेकांचे काय करावे, असा तो प्रश्न आहे. उत्तरही क्रमवार आहे. प्रथम बुद्ध, धम्म, संघ यांवरील श्रद्धा आणि शील या चार गोष्टींचा दिलासा द्यावा. मग विचारावे, आईवडिलांची काळजी वाटते काय? काळजी केली तरी आणि न केली तरी मरण टळत नाही, म्हणून ती सोडावी. मग पत्नी व मुलांविषयी, मग इंद्रियसुखांविषयी विचारावे. त्यापुढे देवलोक, ब्रह्मलोक आणि अखेरीस ‘मी’पणाचा निरोध.

येथे आपल्यापैकी काही जण विचारतील की, देवलोक कशाला? आमचे उत्तर असे की, या सुत्तात स्वर्ग हे मिळवावयाचे ठिकाण म्हणून येत नाहीत. सोडून द्यावयाच्या आसक्तींच्या पायऱ्या म्हणून येतात. आजाऱ्याला स्वर्गाचे आमिष नको, ‘मी’पणाची गाठ सैल व्हावी, हा त्याचा रोख आहे. असा मोकळा झालेला उपासक आणि विमुक्त भिक्षू यांच्या विमुक्तीत भेद नाही, असे हे सुत्त शेवटी सांगते.

अंगुत्तरनिकायातील नकुलमातेचे उदाहरण तर घराघरांतले आहे. पती मरणोन्मुख असताना ती त्याला सांगते की, चिंता ठेवून जाऊ नका. मी सूत कातीन, लोकर पिंजीन, मुलांना वाढवीन, शील आणि धम्म सोडणार नाही. हे ऐकून नकुलपिता उठला आणि काठी टेकीत तथागतांच्या भेटीस गेला. मागे राहणाऱ्यांचे कसे होईल, ही मरणाऱ्याची खरी चिंता असते, आणि तिचे उत्तर घरच्या माणसानेच द्यावयाचे असते.

तिसरे उदाहरण अनाथपिंडिकाचे. मृत्युशय्येवर सारिपुत्ताने अनासक्तीची गंभीर देशना केली तेव्हा तो रडला, कारण इतकी वर्षे उपासना करूनही असे काही त्याने ऐकले नव्हते. अशी देशना श्वेतवस्त्रधारी गृहस्थांना केली जात नाही, असे त्यास सांगण्यात आले. त्यावर त्याने मागणी केली की, ती गृहस्थांनाही करावी. समजणारे त्यांच्यातही आहेत. ज्यांना शतकानुशतके ग्रंथांपासून दूर ठेवले गेले, त्या आपणांस ही मागणी आपलीच वाटावी.

शेजार आणि कायदा

कोल्हापूर-कागल भागात आपले जैन शेजारी सल्लेखनेची परंपरा जपतात. याच सीमाभागातील भोज गावचे आचार्य शांतिसागर यांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे सल्लेखनेने देह ठेवला. तथागतांचा मार्ग उपवासाने देह सोडण्याचा नव्हे. तथापि मरणाची उघड, सर्वांदेखत तयारी करण्याचे धैर्य त्या परंपरेत आहे, हे मान्य केले पाहिजे. कायद्यानेही आता वाट मोकळी केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी ती प्रक्रिया सुलभ करून दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर असा लेख करण्याची सोय केली. परंतु घरात मरणाचा शब्दच निघत नसेल, तर हा कागद लिहिला जाणार कधी?

म्हणून आमची सूचना साधी आहे. वर्षावासात विहारांतून बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होते. त्याच्या सातव्या खंडात तथागतांची अखेरची यात्रा आली आहे. तिच्या जोडीला गिलान सुत्त, नकुलमातेची कथा आणि अनाथपिंडिकाचा प्रसंग वाचावा. प्रत्येक विहाराने दोन-चार उपासक-उपासिका तयार कराव्यात. घरच्यांनी व आजाऱ्याने बोलाविल्यास त्यांनी जाऊन बसावे, महानामास सांगितलेले प्रश्न हळूच विचारावेत आणि उत्तर ऐकून घ्यावे. सांगावा घेऊन आपले पूर्वज रात्री-अपरात्री दुसऱ्यांच्या गावी चालत गेले. आपणांस फार तर दोन गल्ल्या ओलांडून जावयाचे आहे, आणि माणूस जिवंत असतानाच.