रिवाइंड

साल १९८६. गडचिरोली जिल्हा होऊन चारच वर्षं झालीत. त्यातल्या मुलचेऱ्यात मोकळ्या जागेवर टेबल मांडलंय. त्यावर भाड्याचा रंगीत टीव्ही, खाली व्हीसीआर, मागं जनरेटरची धडधड. तुम्ही पोत्यावर दाटीवाटीनं बसलात. डावीकडे मराठी, उजवीकडे बंगाली. ‘पुराना मंदिर’ लागलाय. दोनशे वर्षं पेटीत बंद असलेलं सैतान सामरीचं मुंडकं धडाला जाऊन चिकटतं आणि पुढची अख्खी रांग मागच्यांच्या मांडीवर येते. “सरक न बे!” घरी परतायच्या वाटेवर खरा वाघ असू शकतो, पण आज त्याला कोण विचारतो!

कॅसेट मागं फिरवा.

१९८४ ला ‘पुराना मंदिर’ येण्याच्या जरा आधी थांबा. मुरूडला नवाबाच्या राजवाड्यात तुलसी आणि श्याम रामसे दिग्दर्शन करतायत, कॅमेऱ्यामागं भाऊ गंगू. दिव्यांवर रंगीत जिलेटिन चढतं आणि भिंत निळी-हिरवी होते. इटलीच्या दिग्दर्शक मारिओ बावानं तुटपुंज्या पैशांत हीच करामत विसेक वर्षांआधी केली होती. रामसेंच्या कथा टुकार, विनोद तर सोसवत नाही; पण ही भिंत बघा. राजवाडा आयता मिळालाय, भीती मात्र त्यांनी स्वतः रंगवलीय.

आणखी मागं. महाबळेश्वर, ‘दो गज़ ज़मीन के नीचे’. १९७२ ला येणारा हा सिनेमा म्हणजे घरचंच कार्य. सात भाऊ: कुमार लिहितो, किरण आवाज सांभाळतो, अर्जुन संकलन करणार, घरच्या बायका युनिटचा स्वयंपाक बघतायत. सेट बांधायची भानगड नाही. धुकं फुकट आहे. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी कुणीतरी हातात दिवा देईल.

अजून थोडं. १९७०, ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’. वडील फतेहचंद कराचीत रेडिओचं दुकान चालवायचे. फाळणीनंतर मुंबईत येऊन सिनेमात पडले, आणि हा सिनेमा आपटलाय. तरी थिएटरात काही माणसं येतायत. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरीला निघतात, त्या प्रसंगाला खुर्च्या करकरतात, कुणी किंचाळतं. प्रसंग संपला की माणसं उठून चालती होतात. तुलसी आणि श्याम पडद्याकडे बघतच नाहीयेत. ते बघतायत कोण उठलं, कधी उठलं.