बँक खातं आणि एटीएम कार्ड : अर्ज कुठे अडतो, आपला हक्क काय

शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की वर्गात दोन-तीन मुली तरी मान खाली घालून सांगतात, "टीचर, बँकवाले खातं काढून देत नाहीत." मागे एका विद्यार्थिनीच्या अम्मी एकाच बँकेत तीनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा ऐकायला मिळालं, आधारवर माहेरचा पत्ता आहे. दुसऱ्यांदा, खात्यात आधी तीन हजार ठेवा. तिसऱ्यांदा, आधार आणि पॅनवरचं नाव जुळत नाही. प्रत्येक वेळी त्यांची दिवसाची मजुरी बुडाली. यातल्या दोन अडचणी कागदांच्या होत्या, पण तीन हजारांची मागणी चुकीची होती, कारण त्यांना झिरो बॅलन्स खातंच हवं होतं. हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळावा म्हणून ही माहिती.

कोणती कागदपत्रं चालतात?

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार ओळख आणि पत्त्यासाठी पुढीलपैकी एक कागद पुरतो : आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, रोजगार हमीचं जॉब कार्ड किंवा राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र. सोबत पॅन लागतं. पॅन नसेल तर फॉर्म 60 भरून देता येतो. रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला या यादीत नाहीत. आपल्याकडे बरेच जण तेच घेऊन जातात आणि परत येतात.

नावाचा घोळ

आपले सर्वांत जास्त अर्ज इथे अडतात. आधारवर 'शेख' आधी, पॅनवर शेवटी. एकीकडे पूर्ण 'मोहम्मद', दुसरीकडे नुसतं 'मोहद'. बाईच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे वडिलांचं नाव, कुठे शौहरचं. आपल्याला ती एकच व्यक्ती दिसते, कॉम्प्युटरला दोन दिसतात.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर जुन्या नावाचा कागदही चालतो. मात्र सोबत राज्य सरकारचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र हवं. नुसता निकाहनामा पुरत नाही. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार निकाहची नोंदणी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत होते. त्या अर्जावर काजीसाहेबांची सही लागते, म्हणून हे काम निकाहच्या दिवसांतच उरकावं.

आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. म्हणून आधी घरात बसून एकच स्पेलिंग ठरवा, मगच आधार केंद्रावर जा. मुलांचं नाव पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याप्रमाणेच लिहा. शाळेच्या रजिस्टरात झालेली चूक पुढे प्रत्येक कागदावर उतरत जाते.

पत्ता वेगळा असेल तर

दोन महिन्यांच्या आतलं वीज, पाणी किंवा टेलिफोनचं बिल, किंवा मालमत्ता कराची पावती तात्पुरता पुरावा म्हणून चालते. नवीन पत्त्याचा मुख्य कागद तीन महिन्यांत द्यावा लागतो. भाड्याच्या घरात आपल्या नावाचं बिल नसतं. अशा वेळी आधारने ई-केवायसी केली तर सध्याच्या पत्त्याबद्दल स्वतःचं लेखी निवेदन देता येतं.

झिरो बॅलन्स खातं

याचं खरं नाव 'मूलभूत बचत ठेव खातं'. जनधन खातंही याच प्रकारचं. काउंटरवर हे नाव घेऊनच मागा. नुसतं "सेव्हिंग खातं" म्हटलं की साधं खातं उघडलं जातं आणि पुढे किमान शिल्लक नाही म्हणून पैसे कापले जातात.

या खात्यात :
- किमान शिल्लक ठेवावी लागत नाही.
- एटीएम कार्ड मोफत मिळतं.
- महिन्यातून किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात.
- त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

यादीतला एकही कागद नसेल तर

तरीही 'छोटं खातं' उघडता येतं. स्वतः सही केलेला फोटो द्यायचा आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. यात कधीही 50,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही. महिन्याला 10,000 पर्यंत पैसे काढता किंवा पाठवता येतात आणि वर्षभरात एकूण 1 लाखापर्यंत जमा चालते. खातं 12 महिने चालतं. त्या काळात मुख्य कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला की आणखी 12 महिने मिळतात.

मुलांचं खातं

लहान मुलाचं खातं आईलाही पालक म्हणून उघडता येतं, वडिलांनीच यावं असा नियम नाही. 2025 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार 10 वर्षांवरील मुलं स्वतः खातं उघडून चालवू शकतात. रकमेची मर्यादा आणि कार्ड द्यायचं की नाही, हे बँक ठरवते.

कार्ड आल्यावर

नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो, त्यामुळे कार्ड खराब आहे असं समजू नका. खात्याला स्वतःचाच मोबाईल नंबर द्या, एजंटचा किंवा शेजाऱ्याचा नाही. पिन कुणालाही सांगू नका.

सरकारी योजनेचे पैसे यायचे असतील तर "आधार जोडा" एवढंच म्हणू नका, "डीबीटीसाठी आधार सीडिंग करा" असं लिहून द्या. दोन-तीन बँकांत खाती असतील तर शेवटी सीडिंग केलेल्या खात्यातच पैसे जातात.

नकार मिळाला तर

नकार नेहमी कागदांमुळेच येतो असं नाही. काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना 'निगेटिव्ह' भाग ठरवतात आणि तिथे कर्ज व इतर सोयी सहज मिळत नाहीत, ही गोष्ट सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही आली आहे. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

1. अर्ज लेखी द्या, पोचवर शिक्का आणि तारीख घ्या.
2. नकाराचं कारण लिहून मागा. विचार न करता केवायसी अर्ज फेटाळू नये आणि कारणाची नोंद ठेवावी, असा नियम आहे.
3. शाखा व्यवस्थापकाकडे आणि बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा.
4. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार मोफत आहे, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.

त्या अम्मींनी चौथ्यांदा जाताना विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि दोन ओळींचा अर्ज सोबत नेला : "मला मूलभूत बचत खातं हवं आहे. देता येत नसेल तर कारण लिहून द्यावे." काउंटरवरच्या साहेबांनी अर्ज वाचला, आत जाऊन आले आणि फॉर्म पुढे सरकवला. पंधरवड्याने पासबुक आणि कार्ड, दोन्ही घरी आलं.