कामाइशी: खाडी, लोखंड आणि नकाशावरची रेघ

जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, इवाते प्रांतात कामाइशी हे लहान शहर आहे. येथे जुन्या नद्यांच्या दऱ्यांत समुद्र शिरून अरुंद, खोल खाड्या तयार झाल्या आहेत. भूगोलात यालाच ‘रिया’ किनारा म्हणतात. अशा खाडीत जहाजे वाऱ्यापासून सुरक्षित राहतात. त्सुनामीचे पाणी मात्र निमुळत्या खाडीत कोंडले जाते आणि लाटेची उंची वाढत जाते.

शहरामागील डोंगरात लोहखनिज सापडते. ओशिमा ताकातो यांनी १८५७ मध्ये तेथे पाश्चात्त्य पद्धतीची झोतभट्टी उभारली. जपानच्या आधुनिक पोलाद उद्योगाचा हा आरंभ होय. १९८९ मध्ये येथील शेवटची झोतभट्टी विझली.

१५ जून १८९६ रोजी भूकंपाचा धक्का सौम्य जाणवला, म्हणून लोक निर्धास्त राहिले. नंतर आलेल्या लाटेने गावातील निम्म्याहून अधिक माणसे नेली. १९३३ मध्ये पुन्हा त्सुनामी आली. २००९ मध्ये खाडीच्या तोंडाशी ६३ मीटर खोल पाण्यात लाटरोधक बांध पूर्ण झाला. दोनच वर्षांनी, ११ मार्च २०११ रोजी, लाटेने तोही फोडला. शहरातील सुमारे एक हजार लोक मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले.

शहराच्या उनोसुमाई भागातील प्राथमिक व माध्यमिक शाळा धोक्याच्या नकाशावर पूरक्षेत्राबाहेर होत्या. तरीही मोठी मुले लहानांचे हात धरून धावली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावरही ती थांबली नाहीत, आणखी उंच चढली. शाळा पाण्याखाली गेल्या, मुले वाचली. ‘अंदाजावर विसंबू नका, शक्य तेवढे करा, इतरांच्या आधी निघा’ हे गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक कातादा यांनी अनेक वर्षे शाळांतून शिकवले होते. म्हणून याला चमत्कार म्हणणे बरोबर नाही.

याच भागातील आपत्ती-निवारण केंद्रात मात्र शंभराहून अधिक माणसे बुडाली. ते त्सुनामीसाठी नेमलेले आश्रयस्थान नव्हते. पण उंचावर जाणे त्रासाचे, म्हणून पूर्वीचे सराव तेथेच झाले होते. संकटात पाय सवयीच्या वाटेने वळले.

जुन्या शाळांच्या जागी आता क्रीडांगण आहे. तेथे २०१९ मध्ये रग्बी विश्वचषकाचा सामना झाला. वर्गात हा धडा घेताना दोन्ही घटना एकत्र सांगाव्यात. नकाशावरची रेघ माणसाने आखलेली असते. समुद्र ती वाचत नाही. आणि सराव सोयीच्या जागी घेतला, तर तो चुकीचीच सवय लावतो.