अस्वलाचे प्राणघातक हल्ले

महाराष्ट्रात अस्वलाच्या आक्रमणाने मनुष्यास मृत्यू आल्याच्या घटनांचा संबंध एकाच जातीशी येतो. ती म्हणजे काळ्या झिपऱ्या केसांचे, छातीवर पांढुरकी खूण असलेले भारतीय अस्वल. रत्नागिरी जिल्हा या प्राण्याच्या मुलखाच्या पश्चिम सरहद्दीवर पडतो. या जिल्ह्यातील शृंगारपूरहून प्रचितगड किल्ला चढून गेल्यावर ज्याची हद्द लागते ते चांदोली राष्ट्रीय उद्यान व उत्तरेकडील कोयना अभयारण्य मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्या अरण्यांत अस्वलाचा वास आहे. घाटाखालच्या गावांत मात्र रयतेला धास्ती असते ती बिबट्याची, व ती निष्कारण नाही. हल्ल्यांचा खरा प्रदेश विदर्भ, म्हणजे बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य, मेळघाट, चंद्रपूर व गडचिरोली, आणि दक्षिणेस कर्नाटकात बेळगावकडील खानापूर तालुका.

हे अस्वल नरभक्षक नव्हे. वाळवी, मुंग्या, मध, जांभळे, बहाव्याच्या शेंगा व मोहाची फुले यांवर निर्वाह करणाऱ्या या प्राण्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण, परंतु दृष्टी व श्रवण मंद असल्यामुळे, वारुळात तोंड खुपसून बसलेला असताना माणूस अगदी समीप येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही. आणि लागली की, वाघाच्या शेजारात वाढलेल्या त्याच्या जातीस पळण्यापेक्षा अंगावर तुटून पडणे अधिक स्वाभाविक असते, पाठीवर पिले वाहणाऱ्या मादीस तर विशेषच. मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचावयास जाणारे गोरगरीब आणि अस्वल एकाच झाडाखाली, एकाच वेळी येतात, यात दोघांचाही अपराध नाही. तीन-चार इंची नखांचे वार बहुधा मस्तकावर व चेहऱ्यावर होतात. तत्कालीन मध्य प्रदेशात 1989 ते 1994 या काळात 48 माणसे दगावली व 686 जखमी झाली. जे वाचले त्यांतील अनेकांना डोळा वा चेहरा गमवावा लागला, ही गोष्ट केवळ मृत्यूंचे आकडे मोजणारा विसरतो.

म्हैसूर राज्यातील अर्सिकेरेनजीकच्या ज्या अस्वलाने 12 जणांचा बळी घेतला असे शिकारी केनेथ अँडरसन सांगतो, ते अपवादात्मक होय. शिवाय शिकाऱ्याची कैफियत पुराव्याच्या कसोटीवर घासूनच स्वीकारावी. याउलट जपानात होक्काइदो बेटावर डिसेंबर 1915 मध्ये सात माणसे मारणारे अस्वल तपकिरी जातीचे होते, व त्याने माणसे भक्ष्य म्हणूनही खाल्ली.

बंदिवासातील प्रकरणे थोडी आहेत. दात पाडून, नाकात दोरी ओवून अस्वल नाचविणाऱ्या दरवेशांचा धंदा 1972 चा वन्यजीव कायदा व 1998 ची अधिसूचना यांनी बेकायदा ठरविला. प्राणिसंग्रहालयांत मात्र धोका उरतोच. विशाखापट्टणम येथे नोव्हेंबर 2023 मध्ये हिमालयी काळ्या अस्वलाने एका रक्षकाचा प्राण घेतला.

रानात अस्वलाने मनुष्य दगावल्यास वनखात्यास त्वरित खबर देऊन पंचनामा करवून घ्यावा. वारसांस मिळणारे अर्थसाहाय्य महाराष्ट्र शासनाने 2022 साली 15 लाखांवरून 20 लाख रुपये केले होते.