एका फुटाचे चार मिलिमीटर

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण गावातला साधा रस्ता, त्याच्या कडेची भिंत, घरावरचं गवती छप्पर यांची बखर कोण लिहिणार? रॉय इंग्लंड नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणानं ती पुठ्ठ्यातून लिहिली. १९२५ साली तो इंग्लंडला आला. व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातली गावं त्याला भावली. पण तिथली जुनी घरं डोळ्यांदेखत बदलत होती. ते थांबवणं त्याच्या हाती नव्हतं. मोजमाप घेणं होतं. एका फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात त्यानं ती घरं उभी केली. १९५४ साली लाँग विटनम इथं पेंडन संग्रहालय सुरू झालं. त्यातलं 'पेंडन पार्वा' हे गाव कल्पित, पण घरं खऱ्याखुऱ्या घरांवरून केलेली. १९९५ मध्ये रॉय गेला. काम स्वयंसेवकांनी चालू ठेवलं. तिथं छोटी आगगाडीही धावते. पण नजर रेंगाळते ती रस्त्यांवर, परसातल्या भाजीवर. आपल्याकडचे वाडेही पडताहेत. सगळेच काही वाचणार नाहीत. निदान पाडण्याआधी टेप लावून ओसरीची, देवडीची मापं तरी कुणी वहीत उतरवून ठेवावीत.