चार दिवसांची गाडी, पंधरा वर्षांचा वाद

१० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या वादावर पडदा टाकला. निकालपत्रातल्या तारखा ओळीने लावल्या की हकिगत उभी राहते.

२५ सप्टेंबर २००९ : हैदराबादच्या जीव्हीआर इंडिया प्रोजेक्ट्स या कंपनीने बीएमडब्ल्यूची सेव्हन सिरीज घेतली. २९ सप्टेंबर : चालवताना गंभीर दोष जाणवला, गाडी वर्कशॉपला गेली. १३ नोव्हेंबर : पुन्हा तसाच त्रास. १६ नोव्हेंबर : फसवणुकीची फिर्याद, भारतीय दंड संहितेची ४१८ आणि ४२० ही कलमे.

मालकाचा संताप समजतो. पण त्याने निवडलेली वाट फौजदारी होती. फसवणूक ठरायला विकताना लबाडीचा हेतू होता हे दाखवावे लागते, आणि बिघडलेले यंत्र स्वतःहून हेतूचा पुरावा देत नाही. २२ मार्च २०१२ रोजी उच्च न्यायालयाने फिर्याद रद्द केली. मात्र त्याच आदेशात जुनी गाडी बदलून नवी द्यावी असेही सांगितले. गुन्हाच नाही, तरी भरपाई द्या, असा हा विचित्र आदेश. बीएमडब्ल्यूने त्याला आव्हान न देता नवी गाडी देऊ केली. तक्रारदाराने ती नाकारली. त्याला व्याजासह पैसे हवे होते. प्रकरण दिल्लीला गेले.

तिथे बीएमडब्ल्यूने २५ लाख देऊ केले होते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. पारडीवाला आणि न्या. मिश्रा यांच्या पीठाने घटनेच्या कलम १४२ चा अधिकार वापरून ५० लाख ठरवले. मुदत १० ऑगस्ट २०२४. जुनी गाडी तोवर विक्रेत्याकडे परत गेलेली होती. वाद केवळ सदोष गाडीचा असताना पंधरा वर्षांनी फौजदारी खटला पुढे रेटण्यात न्याय नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या कागदांत मोटार मात्र जवळजवळ दिसत नाही. इंजिन, गिअरबॉक्स की वायरिंग? ‘गंभीर दोष’ यापलीकडे निकालपत्र फारसे जात नाही. खटला उभाच राहिला नाही, त्यामुळे दोषावर साक्षीपुरावा झाला नाही. ५० लाख ही तडजोडीची रक्कम आहे. दोष शाबीत झाल्याची पावती नव्हे.

शेजारी २००६ चा निकाल ठेवावा. मारुतीच्या एका नव्या गाडीचा क्लच वारंवार त्रास देत होता. ग्राहक न्यायालयांनी गाडी बदलून देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला. वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचे वचन होते, आख्खी गाडी बदलण्याचे नव्हते. म्हणजे २०१२ च्या आदेशात जी नवी गाडी मिळत होती, ती साध्या वॉरंटीच्या जोरावर मिळवणे अवघडच गेले असते.

सातारा-सांगलीतल्या मालकाला आज वाट अधिक मोकळी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते; गाडी पुण्याच्या शोरूममधून घेतली म्हणून पुण्याचे खेटे घालायला नकोत. मात्र डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची. मोजलेली किंमत त्याहून जास्त असेल, तर प्रकरण वरच्या आयोगाकडे जाते, आणि आलिशान स्पोर्ट्स कारच्या किमती ही रेषा सहज ओलांडतात. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीच्या मालकाला ग्राहकाचा दर्जा मिळताना अडचण येते. तक्रारीची मुदत दोन वर्षे. तपासणीवाचून दोष कळणार नसेल, तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो.

असा अहवाल मागायलाही आधी कागद लागतो. खंबाटकी घाटात पिकअप गेला, गाडी गरम झाली, असे मालक तोंडी सांगतो. जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ एवढेच उतरते. तिसऱ्या खेपेला तोच बिघाड आला, तरी कागदोपत्री तो पहिल्यांदाच आलेला असतो. म्हणून प्रत्येक खेपेला आपली तक्रार आपल्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह कार्डावर लिहून घ्यावी, काय दुरुस्त केले ते लेखी मागावे आणि प्रत जपावी. हैदराबादच्या वादाच्या निकालपत्रात तारखा टिकल्या, दोषाचा तपशील मात्र नाही. दोष नेमका टिपलेला असेल, तर त्याच्यावर निकाल मागता येतो.