शाळेतला वजनकाटा

शाळेत वजनकाटा आला तो जाड मुलांसाठी नव्हे, उपाशी मुलांसाठी. बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेले इतके तरुण तब्येतीच्या कारणावरून नाकारले गेले की ब्रिटिश सरकार धास्तावले. १९०४ मध्ये त्यासंबंधीच्या समितीचा अहवाल आला, १९०६ च्या कायद्याने गरजू मुलांना शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली आणि १९०७ च्या कायद्याने शाळांमध्ये वैद्यकीय तपासणी सुरू झाली. मुलाचे वजन कमी भरले तर बोट गरिबीकडे दाखवले जाई. आईच्या अज्ञानाकडे दाखवणारेही पुष्कळ होते. पण खुद्द मुलाला कुणी दोषी धरत नसे. काट्यावरून उतरलेल्या मुलाच्या पदरात काहीतरी पडावे, अशीच ती कल्पना होती. पुढे शतकाच्या उत्तरार्धात त्याच काट्याची नजर जाड मुलांकडे वळली आणि दोष मात्र मुलाच्या अंगाला चिकटला. लठ्ठ कुमारवयीनांच्या मनाला होणाऱ्या इजेचा बराचसा भाग चरबीतून नव्हे, तर या दोषारोपातून येतो, असे माझे मत आहे.

हा दोषारोप शाळांनी निर्माण केला नाही. तो मुलांमध्ये आधीच मुरलेला होता. १९६१ मध्ये स्टीफन रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांपुढे सहा चित्रे ठेवली. एकातले मूल धडधाकट होते. बाकीच्यांपैकी एकाला कुबड्या होत्या, एक चाकाच्या खुर्चीत बसलेले होते, एकाला हाताचा पंजा नव्हता, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग होते आणि एक जाड होते. कोण जास्त आवडते, ते क्रमाने सांगायचे होते. जाड मूल सर्वांत शेवटी गेले. लॅटनर आणि स्टंकार्ड यांनी हाच प्रयोग पुन्हा करून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. मधल्या चाळीस वर्षांत अमेरिकेत जाड मुलांची संख्या कितीतरी वाढली होती, म्हणजे सवयीने तरी तिटकारा कमी व्हायला हवा होता; तो उलट वाढलेला दिसला. अपंग मुलाचा दोष नाही, जाड मुलाचा आहे, असे मुले मानतात. मोठ्यांकडून ऐकलेलेच ती परत म्हणत असतात.

या समजुतीला सरकारी शिक्का बसला म्हणजे काय होते, ते सिंगापूरने दाखवून दिले. १९९२ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने ‘ट्रिम अँड फिट’, म्हणजे ‘टॅफ’, ही योजना आणली. उंचीच्या मानाने वजन जास्त असलेली मुले वेगळी काढायची आणि त्यांच्याकडून जादा व्यायाम करून घ्यायचा. कुठे हा व्यायाम मधल्या सुट्टीत होई, म्हणजे बाकीची मुले खात-खेळत असताना ही मुले सगळ्यांदेखत धावत. ‘टॅफ’ उलटे वाचले की ‘फॅट’ होते, हे मुलांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. शाळांना या कामगिरीबद्दल बक्षिसेही होती, त्यामुळे जाड मूल हे शाळेच्या नावाला लागलेले गालबोट ठरले. चिडवाचिडवी आणि खाण्यासंबंधीचे मानसिक विकार यांवरून टीका होत राहिली आणि २००७ मध्ये ही योजना गुंडाळून सर्व मुलांना सामावून घेणारी आरोग्ययोजना आली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो लेचापेचा नाही. टॅफच्या काळात जादा वजनाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांवरून दहाच्या आत आले. मग थोडी चिडवाचिडवी सोसायला काय हरकत? पण याच योजनेत उपाहारगृहातले पदार्थ सुधारले होते आणि सगळ्याच मुलांच्या व्यायामावर भर होता. घट कशामुळे झाली, हे सुटे करून दाखवता येत नाही, आणि वेगळे काढल्यामुळेच झाली असे म्हणायला आधार नाही. उलट अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक मुलींच्या पाहणीत, दहाव्या वर्षी घरच्यांनी, मैत्रिणींनी किंवा शिक्षकांनी ‘तू जाड आहेस’ असे सांगितलेल्या मुली एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता जास्त निघाली. सुरुवातीचे वजन हिशेबात घेऊनही हा फरक उरला. २०१४ चा हा निष्कर्ष पाहता, लाज वाटली की मूल बारीक होते ही समजूत सोडून द्यायला हवी.

दुसरा आक्षेप असा की दुःख आधी आणि वजन नंतर, असेही असते. खरे आहे. गुडमन आणि व्हिटकर यांच्या २००२ च्या अभ्यासात खिन्न मनःस्थितीतल्या किशोरांमध्ये वर्षभराने लठ्ठपणाचा धोका जास्त आढळला. लठ्ठपणावरून पुढच्या नैराश्याचा अंदाज मात्र बांधता आला नाही. अपुरी झोप, धाप, खेळात मागे पडणे हेही मनाला खचवते. पण यातून माझे म्हणणे पडत नाही. जे मूल आधीच खिन्न आहे, त्याला मैदानात वेगळ्या रांगेत उभे केल्याने ते सुधारणार कसे?

शाळांना मोजमापाचा मोह मात्र सुटत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने २००३ च्या कायद्याने प्रत्येक विद्यार्थ्याच्या उंची-वजनाच्या गुणोत्तराचा अहवाल पालकांना धाडायला सुरुवात केली. २००७ मध्ये मोजणीची वारंवारता कमी करून पालकांना नकाराची मुभा द्यावी लागली. कॅलिफोर्नियातल्या शाळांमध्ये अशा अहवालांची रीतसर चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: वजनात सुधारणा नाही, आणि स्वतःच्या शरीराविषयीचे समाधान घटण्याची चिन्हे. आपल्याकडेही प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने असतात. शिक्षकांनी ते जरूर भरावेत, पण वर्गात आकडा मोठ्याने सांगू नये, आणि काही बोलायचेच असेल तर ते पालकांशी, दार लावून बोलावे.